पिकअपला टायर प्रेशर मीटर बसवताना: संच निवडण्यापासून अलार्मच्या आकड्यापर्यंत

तासगावातून द्राक्षाचे क्रेट भरून रात्री निघायचं, पेठ नाक्याला हायवेला लागायचं आणि पहाटे वाशीच्या मार्केटला गाडी लावायची, हा माझा जानेवारी ते एप्रिलचा धंदा. अशाच एका खेपेला उंब्रजच्या पुढे क्लीनर साइडचा मागचा टायर गेला. फुटायच्या आधी दहा मिनिटं रबर जळल्याचा वास येत होता. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा येतोय. उतरून पाहिलं तर टायरची बाजूची भिंत रिंगभोवती गोल कापल्यासारखी फाटली होती आणि आत वावरातला एक वाकडा खिळा होता. म्हणजे टायर त्या क्षणी पंक्चर झालाच नव्हता. भरणी करतानाच खिळा घुसला असणार, दोन तास हळूहळू हवा जात राहिली आणि मी वरून वजन घेऊन पळवत राहिलो.

माल भरलेल्या पिकअपचं हेच अवघड असतं. मागचा टायर नरम झाला तरी स्टेअरिंगला काही कळत नाही. पुढचा बसला तर गाडी ओढते, मागचा बसला तर ती जराशी झुलते, आणि भरलेली गाडी तशीही झुलतेच. टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाज ऐकायची आपली जुनी पद्धत चहाच्या टपरीपर्यंत ठीक, पण दोन टपऱ्यांच्या मधल्या साठ किलोमीटरला काही उपयोगाची नाही. त्या मधल्या वेळासाठी टीपीएमएस, म्हणजे प्रत्येक चाकाची हवा केबिनमध्ये दाखवणारा मीटर. बसवायला अर्धा-पाऊण तास लागतो. अलार्म किती आकड्यावर ठेवायचा, हे ठरवणं मात्र डोक्याचं काम आहे, आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात.

आधी टायर आणि व्हॉल्व्ह बघा

मीटर घ्यायच्या आधी गाडी सपाट जागी लावा आणि चारही टायर हाताने चाचपा. बाजूच्या भिंतीवर फुगा, चीर, उघडी तार दिसली तर मीटरचे पैसे टायरमध्ये घाला. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात, ती झिजेची खूण. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्यानेही टायर तिथेच संपला. गोटा झालेल्या टायरला सेन्सर लावणं म्हणजे पडक्या भिंतीला कुलूप.

मग टायरवरचा मजकूर वाचा. १०९/१०७ असे दोन आकडे दिसले, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी, म्हणजे एका बाजूला दोन चाकं शेजारी असतात तिथला. १०९ म्हणजे त्या एका टायरची ताकद १०३० किलो. ही ताकद टायरमध्ये ठरलेली हवा असेल तेव्हाचीच. वजन पेलते ती हवा, रबर फक्त तिला धरून ठेवतं. हवा कमी झाली की त्याच टायरची ताकद उतरते, मग आरसी बुकात पासिंग, म्हणजे वजन भरायची परवानगी, कितीही असो. पासिंगच्या वर भरणाऱ्याला मीटर वाचवू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे तो आहेच, टायर मात्र पावती न फाडता वसुली करतो.

आता व्हॉल्व्ह. इथे नवखा माणूस हमखास चुकतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ट्यूबलेस टायरच्या रिंगमध्ये दाबून बसवलेला साधा रबरी व्हॉल्व्ह असतो. त्या जातीच्या व्हॉल्व्हची मर्यादा थंड, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीच्या, टायरला ६५ पीएसआय असते. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, आपण ज्याला पॉइंट म्हणतो ते. कारला ३३-३५ हवा लागते, तिथे तो आयुष्यभर चालतो. पिकअपच्या मागच्या चाकाला त्या मर्यादेच्या जवळ हवा असते, आणि वर त्याच्या टोकाला सेन्सरचं वजन लटकवायचं. सेन्सर दहा-बारा ग्रॅमचाच, पण चाक फिरताना ते वजन बाहेरच्या दिशेने ओढ घेतं आणि रबरी दांडा बुडापाशी वाकत राहतो. कालांतराने तिथे चिरा पडू शकतात. म्हणून बाहेरून लावायचा सेन्सर असेल तर टायरवाल्याकडून नट-वायसरने आवळायचे पितळी व्हॉल्व्ह बसवून घ्या, निदान मागच्या दोन चाकांना तरी. टायर बदलताना केलं तर मजुरी वेगळी पडत नाही.

ट्यूबचे टायर असतील तर ट्यूबचाच दांडा बाहेर आलेला असतो. तो रिंगच्या भोकात तिरका झालेला असेल, तर ट्यूब आत सरकली आहे असं समजा. आधी ते सरळ करून घ्या.

आतला की बाहेरचा

सेन्सर दोन तऱ्हेचे. बाहेरचा व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसतो. आतला रिंगवर, टायरच्या आत बसतो आणि त्याच्याच बुडाला व्हॉल्व्ह असतो.

ट्यूब असेल तर प्रश्न मिटला, बाहेरचाच. ट्यूबलेस असेल तर निवड आहे. आतल्याला धूळ, चिखल, चोर यांची भीती नाही, टायरच्या आतलं तापमानही तो बरंच खरं सांगतो, आणि बॅटरी पाचेक वर्षं जाते. पण ती संपली की बहुतेक वेळा सेन्सरच बदलावा लागतो, आणि दर वेळी टायर उतरवताना पंक्चरवाल्याच्या पान्याखाली तो तुटायचा धोका असतो. बाहेरच्याची नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर १६३२, वर्ष-दोन वर्षांत आपल्याच हाताने बदलता येते. किंमतही कमी, साधारण दोन-तीन हजारांपासून पुढे.

माझं मत विचाराल तर रोज कच्च्या रस्त्याने वावरात जाणाऱ्या, महिन्याला एखादं पंक्चर निघणाऱ्या गाडीला बाहेरचा बरा. जिचा मुक्काम हायवेवर, ट्यूबलेस टायर आणि टायरवाला ठरलेला, तिला आतला. आत बसवलात तर रिंगवर व्हॉल्व्हशेजारी रंगाने ठिपका करा आणि पंक्चरवाल्याला चाक खोलायच्या आधी सांगा. पंक्चर बुजवायचं जे द्रव औषध टायरमध्ये ओततात, तेही टाळा. सेन्सरचं बारीक भोक त्याने बुजतं.

संच घेताना

पहिला संच मी घाईत घेतला. दुकानदार म्हणाला, 'सगळ्या गाड्यांना चालतो.' बसवला, हवा भरली, किल्ली फिरवली आणि जो ओरडायला लागला तो थांबेना. नंतर कळलं, तो कारचा संच होता. वरच्या दाबाचा अलार्म ५० पीएसआयच्या पुढे सरकतच नव्हता, आणि माझ्या मागच्या टायरला हवा होती ६०. दुकानदाराने परत घेतला नाही. आता दीड वर्ष झालं, मेहुण्याच्या कारला सुखाने चालला आहे.

म्हणून दुकानात तीनच गोष्टी विचारा. वरचा अलार्म कितीपर्यंत जातो? तुमच्या मागच्या टायरच्या थंड हवेच्या सव्वापट तरी जायला हवा. ६० भरत असाल तर ७५, आणि वर थोडी जागा. दुसरं, पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे ठेवता येतात का? कारला चारही चाकांना जवळपास सारखी हवा असते, त्यामुळे स्वस्त संचात सगळ्यांना एकच आकडा. पिकअपला पुढे ४० आणि मागे ६० असेल तर असा मीटर एका बाजूला मुका आणि दुसऱ्या बाजूला बडबड्या होतो. तिसरं, पाचवा सेन्सर मिळतो का, स्टेपनीसाठी. जोडचाकाची गाडी असेल तर अर्थात सहा आणि एक असा मोठ्या गाडीचा संच बघा.

पडद्यावर सोलर पट्टी आहे का, रंगीत आहे का, मोबाईलला जोडतो का, हे नंतर. मोबाईलवरच दिसणारा संच मी तरी घेणार नाही. रात्री तीन वाजता मोबाईल गाणी लावायला असतो नाहीतर चार्जिंगला.

थंड हवा भरा

बसवायच्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, घराजवळच्या हवेच्या मशीनवर हवा भरा. फार तर एक-दोन किलोमीटर चालवून. किती भरायची, हे ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर नाहीतर गाडीच्या पुस्तकात असतं: पुढे किती, मागे रिकामी असताना किती, भरलेली असताना किती. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका, टायरची साइझ वेगळी असली तर आकडाही वेगळा. टायरच्या भिंतीवर जो कमाल दाब लिहिलेला असतो ती हद्द आहे, रोजची मात्रा नव्हे. मी पुढे जे ४० आणि ६० धरतोय ते समजावण्यापुरते. तुमचे आकडे पट्टीवरून घ्या.

एक चांगला हातातला गेज स्वतःचा ठेवा. पंपावरचा काटा आणि तुमचा मीटर यांत दोन-तीन पॉइंटचा फरक पडला की भांडण नको, आपला गेज प्रमाण.

बसवणं

बाहेरच्या संचात सेन्सर बहुधा आधीच जोडलेले असतात आणि प्रत्येकावर चाकाची जागा छापलेली असते. एल म्हणजे डावी, म्हणजे आपली क्लीनर साइड. आर म्हणजे ड्रायव्हर साइड. एफ पुढचं, दुसऱ्या अक्षराच्या जागी आर आला तर मागचं. ही अदलाबदल झाली तर पुढचा टायर बसत असताना तुम्ही उतरून मागचा तपासत बसाल. म्हणून एकेक करून लावा आणि पडद्यावर त्याच कोपऱ्यात आकडा उमटतो का ते बघून मगच पुढच्या चाकाला जा.

व्हॉल्व्हचे आटे जुन्या दात घासायच्या ब्रशने स्वच्छ करा. आट्यांना अगदी बोटाच्या टोकावर येईल इतकंच ग्रीस लावा, भोकाला लागू न देता. पितळेच्या व्हॉल्व्हवर अॅल्युमिनियमचे आटे असलेला सेन्सर पावसाळाभर राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात, आणि मग सेन्सर फिरवताना व्हॉल्व्हच तुटतो. पाटण-कुंभार्ली मार्गे कोकणात उतरणाऱ्यांना हे फार लवकर अनुभवाला येतं. आधी पातळ लॉक नट व्हॉल्व्हवर शेवटपर्यंत उतरवा. मग सेन्सर हाताने घट्ट फिरवा, पक्कड लावू नका. आता सोबतच्या पान्याने लॉक नट मागे आणून सेन्सरच्या बुडाला आवळा. मार्केटच्या पार्किंगमध्ये येताजाता कुणी बोटाने फिरवून नेऊ नये, यासाठी तो नट.

यानंतरची पायरी सोडू नका. साबणाचं पाणी करा आणि सेन्सरच्या बुडाला, व्हॉल्व्हच्या मुळाशी, सगळीकडे थेंब सोडा. साधी टोपी असते तेव्हा व्हॉल्व्हच्या आतली पिन हवा अडवून ठेवते. सेन्सर बसला की ती पिन कायम दाबलेली राहते, नाहीतर सेन्सरला हवा कळणार कशी? म्हणजे आता हवा अडवतोय तो फक्त सेन्सरच्या आतला रबरी वायसर. तो वाकडा बसला तर हवेवर लक्ष ठेवायला लावलेलं यंत्रच हवा सोडत राहतं. एकही बुडबुडा दिसला तर काढून पुन्हा लावा.

पडदा डॅशबोर्डवर अशा जागी चिकटवा की मान न वळवता दिसेल आणि एअरबॅगच्या वाटेत येणार नाही. गणपतीच्या मूर्तीमागे नको. मागच्या चाकाचा सिग्नल मधूनच तुटत असेल तर पडद्याची जागा थोडी सरकवून बघा. हौद्याच्या लोखंडामुळे असं होतं, आणि वीतभर सरकवल्यावर बहुधा सुटतं. सेन्सर उभ्या गाडीत झोपतात. सकाळी किल्ली फिरवली की दिसणारा आकडा कालचा असू शकतो, पाच-दहा मिनिटं गाडी पळाल्यावरचा खरा.

अलार्मचे आकडे

अमेरिकेत २००० साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्डच्या गाड्यांच्या अपघातांवरून मोठं वादळ झालं, त्यातून कायदा आला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांना हा मीटर सक्तीचा झाला. त्यांच्या नियमात ठरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागायलाच हवा. बरेच संच कारखान्यातून त्याच हिशोबाच्या आसपास सेट होऊन येतात. आता आपला हिशोब करा. ६० चे २५ टक्के गेले म्हणजे ४५. टनभर हळद घेतलेल्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ४५ हवा म्हणजे भिंत केव्हाच वाकायला लागलेली. इतकी वाट बघायची नाही.

मी खालचा अलार्म थंड हवेच्या १५ टक्के खाली ठेवतो. मागे ६० असेल तर ५१, पुढे ४० असेल तर ३४. वरचा अलार्म २५ टक्के वर, म्हणजे ७५ आणि ५०. वर एवढी मोकळीक का, तर पळताना टायर तापतो. पहाटे १५ अंशाला भरलेली ६० हवा टायर आतून ४५ अंशावर गेल्यावर ६८ दाखवते. गळती नाही, बिघाड नाही, नुसतं तापणं. नवखा माणूस ६८ बघून घाबरतो, टपरीवर थांबतो आणि गरम टायरमधून आठ पॉइंट सोडून देतो. टायर थंड झाल्यावर तिथे ५२-५३ उरते. गरम टायरची हवा कधीच सोडायची नाही.

यालाच जोडून एक समजूत आपल्याकडे फार पक्की आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. उलट आहे. चांगल्या टायरला आठ-दहा पॉइंटची वाढ धरूनच बनवलेलं असतं. फुटतो तो कमी हवेचा. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला भिंत जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता होते, आणि त्या उष्णतेत रबर आणि आतली तार एकमेकांना सोडायला लागतात. माझा टायर तसाच गेला होता, तोही जानेवारीच्या थंडीत.

ऋतू बदलला की मात्र आकडा खरंच सरकतो. एप्रिलमध्ये ३५ अंशाला भरलेली ६० हवा एक कणही न गळता जानेवारीच्या पहाटे ५५ च्या आसपास दिसेल. दिवाळीच्या सुमारास एकदा आणि होळीनंतर एकदा थंड हवा नव्याने जुळवून घ्या. नायट्रोजन भरला तरी हे चुकत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे.

परतीला गाडी रिकामी असते तेव्हा काय? पट्टीवर रिकाम्या गाडीचा आकडा कमी असेल आणि तुम्ही खरोखर हवा उतरवत असाल तर अलार्मही तितका उतरवावा लागेल, आणि पुढच्या भरणीला दोन्ही पुन्हा चढवायला विसरलात तर मीटर गप्प बसेल. रोज भरणारा माणूस हवा भरल्या गाडीचीच ठेवतो. रिकामी गाडी जरा उडते, ओल्या रस्त्यावर मागून घसरायला बघते, तेव्हा सावकाश चालवायची. महिनाभर रिकामीच फिरणार असेल तर गोष्ट वेगळी.

तापमानाचा अलार्म ७० अंशाच्या आसपास असतो, तसाच राहू द्या. बाहेरचा सेन्सर टायरच्या आतलं नव्हे, व्हॉल्व्हजवळचं तापमान सांगतो, त्यामुळे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तीन चाकं ४० वर आणि एकच ५५ वर असेल तर बहुधा त्या चाकाचा ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. कुंभार्ली उतरताना सगळेच आकडे चढतात. पायाने ब्रेक दाबत उतरू नका, गिअर खाली घ्या. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी तर मुळीच ओतू नका.

ओरडला तर

करकचून ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, चारही इंडिकेटर लावा आणि सरळ, मोकळी, वळण नसलेली जागा बघून डावीकडे घ्या. बोगद्यात किंवा पुलावर थांबायची वेळ येऊ नये. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्याआधी पडद्यावर एक नजर टाकायची सवय मी त्यासाठीच लावून घेतली आहे. आकडा हळूहळू उतरत असेल तर जवळचा पंक्चरवाला गाठता येतो, सावकाश. भराभर उतरत असेल तर आहात तिथेच कडेला.

आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या तर सिग्नल गेलाय किंवा बॅटरी संपलीय. उतरून गेजने खात्री करा. 'मीटरच बिघडला असेल' असं बसल्या जागी म्हणू नका.

पंक्चरच्या दुकानात सेन्सर स्वतः काढा, स्वतः लावा. कवठेमहांकाळला एका पोराने मला विचारलं होतं, 'दादा, ह्ये व्हॉल्व्हला काय घंटी बांधलीया?' आणि उत्तराची वाट न बघता पक्कड लावली. हवा भरायलाही बाहेरचा सेन्सर काढावाच लागतो. तो हवेच्या मशीनवर विसरून पुढे गेलेले लोक मला माहीत आहेत, त्यात मीही आहे. काढला की शर्टाच्या खिशात.

चाकं मागेपुढे केलीत तर सेन्सर चाकाबरोबर जाऊ देऊ नका, जागेवरचा जागेवर लावा. आतले असतील तर पडद्यावर जागा बदलून घ्या. दर दोन महिन्यांनी बाहेरचे सेन्सर काढून पुन्हा बसवा, म्हणजे आटे धरत नाहीत, आणि बसवल्यावर साबणाचं पाणी पुन्हा.

पाचवा सेन्सर घेतला असेल तर तो स्टेपनीला लावा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली चिखलात लटकलेली असते, वर्ष वर्ष तिला कुणी हात लावत नाही, आणि हवी तेव्हा तिच्यात वीस पॉइंट निघतात. तिची हवा मागच्या चाकाइतकी भरून ठेवा. पुढच्या चाकाला लावायची वेळ आली तर जास्तीची सोडता येते, रात्री दोन वाजता उंब्रजला भरता मात्र येत नाही.